आदर्श घराच्या खिडक्या

सातपुड्यात थंडी पडत नाही, असं मला नंदुरबारच्या एका विद्वान गृहस्थांनी सांगितलं होतं. त्यांनी सातपुडा पाहिलेला होता. नंदुरबार स्टेशनच्या फलाटावरून, हवा स्वच्छ असेल त्या दिवशी. मी त्यांचं ऐकून एक घोंगडी घरीच ठेवली आणि तिच्या जागी ट्रंकेत चार पुस्तकं जास्त भरली. माझ्या आयुष्यातले बरेचसे निर्णय असेच झालेले आहेत.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या काही वर्षं आधीची ही गोष्ट. मी चोवीस वर्षांचा होतो आणि मोलगीच्याही वर, अर्ध्या दिवसाच्या चालीवरच्या एका पाड्यावर मास्तर म्हणून गेलो होतो. शाळा म्हणजे एक खोली. तिच्या बाजूला गावकऱ्यांनी माझ्यासाठी घर बांधून दिलं होतं. सागाचे खांब, बांबूच्या कुडाच्या भिंती, वर कौलं. आत मधोमध चूल. घराचा अर्धा भाग जरा खोलगट आणि मोकळा सोडलेला होता. तो कशासाठी, असं विचारल्यावर समजलं की बैलांसाठी. मला बैल नव्हते. पण बैल नसलेल्या माणसाला घर बांधून द्यायची त्यांची ती पहिलीच वेळ होती. कधीतरी घेईल बिचारा, म्हणून त्यांनी जागा ठेवली होती.

पहिला हिवाळा मी त्या घरात एकट्याने काढला. चूल दिवसभर धुमसत असे, धूर कौलांतून बाहेर जाई, मी चुलीशेजारी अंथरूण टाकून वाचत पडे. थंडी मला फारशी जाणवली नाही. ते श्रेय मी माझ्या तरुण रक्ताला दिलं.

त्याच हिवाळ्यात दौऱ्यावर असलेले शाळाखात्याचे साहेब आले. तंबू, घोडे, खुर्च्या, आणि एक इसम फक्त साहेबांची छत्री सांभाळायला. साहेब वाकून माझ्या घरात शिरले आणि डोळे पुसत बाहेर आले. "मास्तर, तुम्ही यात राहता? सुशिक्षित माणूस?" मी तेव्हा आरोग्यशास्त्रावरचं एक जाडजूड पुस्तक नुकतंच संपवलं होतं. मी म्हणालो की समोरासमोर दोन खिडक्या काढल्या, चूल बाहेर नेली, भिंतींना चुना दिला, तर या लोकांना आरपार हवेचं महत्त्व प्रत्यक्ष दाखवता येईल. साहेब इतके खूश झाले की त्यांनी तिथल्या तिथे त्या घराला नाव दिलं, 'आदर्श घर'. पुढच्या हिवाळ्यात मोठ्या साहेबांना घेऊन पाहायला येतो, म्हणाले. जाता जाता खांद्यावर हात ठेवून पुटपुटले, "मग तुमची शहाद्याकडे बदली करायला मला तोंड राहील."

शहाद्याकडची बदली म्हणजे सडक, बाजार, दवाखाना. माझं लग्न झालेलं होतं आणि बायको अजून माहेरी होती. मी खिडक्या काढायला घेतल्या.

होळीनंतर बायको आली. सारंगखेड्याकडची, तापीकाठची. तिने घर पाहिलं, पांढऱ्या भिंती पाहिल्या, दारावरची मी स्वतः रंगवलेली फळी पाहिली. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मी वाचून दाखवलं: आदर्श घर. मग तिने खिडक्या पाहिल्या. चौकट होती, उभे गज होते. झडपा नव्हत्या. झडपा मंजुरीसाठी वर गेल्या होत्या.

"खिडक्या चांगल्या शेतस," ती म्हणाली. "पन बंद कशा करतस?"

"त्या बंद करायच्या नसतात," मी म्हणालो. मास्तर झाल्यापासून मी घरातही शाळेतलं मराठी बोलत असे. ती आपली अहिराणीच बोले.

शेजारी, म्हणजे हाकेच्या अंतरावर, एका म्हातारीचं घर होतं. तिकडे घरं एकमेकांना चिकटून नसतात; प्रत्येक जण आपापल्या शेतात राहतो. म्हातारी, तिचा मुलगा, सून, दोन बैल, एक तांबडी गाय आणि काही शेळ्या, असा सगळा परिवार एकाच छपराखाली होता. मी तिला आजी म्हणे. ती मला गुरजी म्हणे आणि अरेतुरे करी. तिच्या बोलीत अहोजाहो नव्हतंच; देवाला तू, तसं साहेबालाही तूच. तिची पावरी मला तेव्हा अर्धीमुर्धी कळे, म्हणून तिचं बोलणं इथे माझ्या मराठीत लिहितो.

खिडक्या काढत होतो तेव्हाच ती येऊन बराच वेळ बघत उभी राहिली होती.

"चांगल्या भिंतीला भोकं कशाला पाडतोस गुरजी?"

"हवा यावी म्हणून, आजी."

"येईल," ती म्हणाली आणि निघून गेली.

दसरा झाला आणि सगळा पाडा भिंती लिंपायला लागला. पावसात कुडाचा गिलावा निघून जातो, फटी पडतात. आश्विनातलं ऊन कडक असतं. त्या उन्हात माती, शेण आणि भाताचा कोंडा कालवून बायका आतून-बाहेरून भिंती भरून काढत होत्या. एक थर वाळला की दुसरा. ज्या घरी माणसं कमी तिथे शेजारणी जात. म्हातारी एका सकाळी डोक्यावर मळलेल्या मातीची पाटी घेऊन आमच्या दाराशी आली.

"चल, तुझी भिंत करू. तुझी बायको भरल्या पोटाची आहे, तिला जमणार नाही."

बायकोला सातवा महिना लागला होता. बाळंतपणाला माहेरी जायचं ठरलेलं होतं. मार्गशीर्षात भाऊ डोली घेऊन येणार होता.

मी म्हातारीला समजावून सांगितलं की भिंतीला चुना दिलेला आहे. त्यावर शेणमाती लावली तर सगळं खराब होईल. साहेब दिवाळीनंतर लगेच येणार असल्याचं पत्र आलं आहे. ते येऊन गेले की बघू.

"तुझा साहेब ऊन घेऊन येणार आहे का?" तिने विचारलं.

मी हसलो. मला वाटलं ती विनोद करते आहे. तिने पाटी पडवीत दाराशेजारी ठेवली आणि गेली. ती माती तिथेच वाळून दगड झाली. पुढे तीन महिने येता-जाता मी तिला ओलांडत होतो.

साहेब दिवाळीनंतर आले नाहीत. मोलगीच्या बाजाराला जाणारा माणूस दर आठवड्याला टपाल आणी, त्यात पत्र आलं की दौरा नोव्हेंबरअखेर होईल. मग आलं की डिसेंबरच्या मध्यात. तिसऱ्या पत्रात कारणही होतं: मोठ्या साहेबांना अजून वाघ मिळाला नव्हता. प्रत्येक पत्राचा शेवट एकच असे. घर पाहणीस योग्य अशा स्थितीत सदैव ठेवावे.

कार्तिक संपता संपता, महिनाभर आधीच, बायकोच्या पोटात दुखायला लागलं. म्हातारी आली, मला बाहेर काढलं, आणि ऊन डोक्यावर यायच्या आत मुलगी झाली. मला आत बोलावलं तेव्हा मी आधी गाठोडंच पाहिलं. त्यात मूल आहे हे नंतर कळलं. माझ्या दोन्ही तळव्यांत ती मावली असती. रडण्याचा आवाज मांजराच्या पिल्लाएवढा.

म्हातारीने तिचे तळपाय आपल्या गालाला लावले. मग माझा हात धरून माझं बोट त्या तळपायावर टेकवलं.

"हे बघत जा," ती म्हणाली. "तोंडाकडे बघू नको, तोंड फसवतं. पाय गार पडू द्यायचे नाहीत. बाकी ती बघून घेईल."

चूल बाहेरच्या पडवीत. आत, बाजेखाली, आम्ही निखाऱ्यांची शेगडी ठेवली. म्हातारीच्या घरातला विस्तव दसऱ्यापासून होळीपर्यंत कधी विझत नसे. ती रोज सकाळी खापरात निखारे घेऊन येई आणि आमची शेगडी भरून जाई. पण समोरासमोर दोन खिडक्यांचं शास्त्र असं आहे की ते खरं असतं. हवा एकीतून येई, शेगडीची ऊब उचली, आणि दुसरीतून निघून जाई. पुस्तकात आकृती होती. बाण अगदी बरोबर दाखवले होते.

संध्याकाळी मी खिडक्यांना गोणपाट बांधी. सकाळी सोडी.

"सोडतस कसाले?" बायको विचारी.

"साहेब कधीही येतील. गोणपाट लावलेलं बघितलं तर म्हणतील, आदर्श घर म्हणजे हेच का?"

"मंग म्हनू द्या. तुम्हना साहेबनी पोर शे का मन्ही?"

"बदली झाली की शहाद्याला दवाखाना आहे. हे तिच्यासाठीच चाललंय सगळं."

ती गप्प बसली. ती गप्प बसली की मी वाद जिंकला असं समजायची माझी तेव्हा पद्धत होती.

मार्गशीर्षात वारा फिरला. तो वरच्या पठारावरून थेट खाली येई आणि कुडाच्या प्रत्येक फटीतून वेगवेगळा वाजे. चुन्याने फटी भरत नाहीत, फक्त गोऱ्या दिसतात. मी जुनी वर्तमानपत्रं खळीने चिकटवली. ती एका रात्रीत सुटली. मी बायकोची दोन लुगडी आतून भिंतीला टांगली. तीनदा पत्र लिहिलं की झडपा तरी पाठवा. उत्तर आलं की झडपांचा नमुना कोणत्या नियमाखाली बसतो हे पाहणं चालू आहे. बायकोचा भाऊ येऊन मूल पाहून परत गेला. इतकं लहान पोर दोन दिवसांच्या डोलीच्या वाटेने, वाऱ्यातून नेणं शक्य नव्हतं.

मी दिवसातून वीस वेळा तळपाय बघत असे. शाळेत मुलांना पाढे म्हणायला लावून मधेच उठून जाई. कधी पाय कोमट असत आणि मी परत येऊन चार मुलांना उगाच शाबासकी देई. कधी गार असत. बायको ते दोन्ही पाय तोंडापाशी धरून श्वास सोडत बसलेली असे, तासन्‌तास; जशी पावसाळ्यात ओल्या लाकडांवर फुंकत बसे. ती माझ्याकडे बघतही नसे.

पौष लागला. एका सकाळी बाहेर आलो तर गवत पांढरं झालेलं. आधी वाटलं कुणी चुना सांडला. हात लावला, तर दव गोठलेलं होतं. आत आलो. पोरगी दूध ओढत नव्हती.

"तोंडच उघडत नही," बायको म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. "रातपासून."

त्या दिवशी मी शाळा भरवली नाही. कुदळ घेतली. दाराशी पडलेल्या म्हातारीच्या पाटीवर घाव घातला. ठिणगी उडाली, माती फुटली नाही. भिजवायला वेळ नव्हता. मी ओढ्यावर गेलो, ओली माती खणून आणली, शेण गोळा केलं, कोंडा मागून आणला, आणि पायांनी तुडवली. पायांची बोटं बधिर झाली. खिडक्यांच्या गजांत कामट्या विणल्या आणि त्यावर चिखल थापला. मग आतून सगळ्या भिंती. तळहाताएवढा जाड थर. चुना, वर्तमानपत्रांचे उरलेले तुकडे, आदर्श, सगळं त्याखाली गेलं. विचारायला म्हातारी नव्हती. ती चार दिवस लेकीच्या गावी गेली होती. पण मला विचारायचं काय होतं? सगळा पाडा करतो तेच मी करत होतो. दुपार कलताना शेवटचा हात फिरवला. वारा थांबला. वर्षभरात पहिल्यांदा त्या घरात शांतता झाली.

"झालं," मी म्हणालो. मला आठवतं, मी जरा अभिमानानेच म्हणालो.

दुसऱ्या दिवशी भिंती काळ्याच होत्या. तिसऱ्या दिवशीही. पौषातलं ऊन कोवळं. ते बाहेरच्या बाजूलाच लागे आणि लगेच सरे. आत शेगडी पेटवली की भिंतींतून वाफ सुटे, ती कौलांना लागून थेंब थेंब खाली पडे. अंथरूण ओलसर झालं. लुगडी ओलसर झाली. बायको कापडाचा बोळा पिळून थेंब थेंब दूध पोरीच्या ओठांत सोडी. वारा नव्हता, पण गारवा आता फटीतून येत नव्हता, चारी बाजूंनी एकसारखा येत होता. आधी थंडी घरात शिरत होती. आता ती घरातच राहायला आली होती.

चौथ्या दिवशी सकाळी मी पाणी प्यायला माठाकडे गेलो. माठाला हात लावला आणि तसाच उभा राहिलो. गेल्या उन्हाळ्यात याच माठाला हात लावून मी मुलांना शिकवलं होतं. माती ओली असते, पाणी वाफ होऊन उडतं, उडताना ते आतली ऊब घेऊन जातं, म्हणून आतलं पाणी थंड राहतं. मुलांनी पाठ करून म्हणूनही दाखवलं होतं. मी त्या ओल्या काळ्या भिंतींकडे पाहिलं. आम्हा तिघांना मी माठात ठेवलं होतं.

रोज या वेळी शेगडी भरायला बायको हाक मारी. त्या दिवशी मारली नाही. म्हणूनच मी धावलो.

पोरगी तिच्या मांडीवर होती. ओठ जांभळे. तळपायाला बोट लावलं आणि मला काहीच जाणवलं नाही. माझं बोट जास्त गार होतं की तिचा पाय, ते कळेना. मी गालाला लावला, म्हातारीने लावला होता तसा. ओढ्यातल्या गोट्यासारखा लागला.

"मन्ही चुकी व्हयनी," मी म्हणालो. शाळेतलं मराठी कुठे गेलं होतं कोण जाणे. "आते काय करू? सांग ना, काय करू?"

"माले काय इचारतस?" ती म्हणाली. "पुस्तकले इचारा."

हे ती रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं.

त्याच वेळी दारात सावली पडली. म्हातारी लेकीकडून परतली होती, खापरात निखारे घेऊन. तिने आत पाऊल टाकलं आणि थांबली. खापर खाली ठेवलं. भिंतीला पंजा लावला, उचलला, तळहात बघितला. ओला होता.

"पौषात भिंत लिंपतात का रे?" तिने विचारलं. खरंच विचारलं. तिला असा माणूस पूर्वी भेटला नसावा.

उत्तराची वाट न बघता ती बाजेपाशी गेली. पोरीच्या पायाला गाल लावला. मग तिने पोरीवरची ओलसर दुपटी सोडून टाकली, तिला उघडीच आपल्या लुगड्याच्या आत, छातीच्या कातडीला लावून धरलं, वरून घोंगडी ओढली आणि दाराबाहेर पडली. बायको उठली आणि तिच्या मागे चालायला लागली. अनवाणी. पांढऱ्या गवतातून. मला तिने विचारलं नाही. आमच्या घरी तोवर तिने भाजीत मीठ घालतानाही विचारलं होतं.

माझ्या आईने निघताना बजावून सांगितलं होतं की त्या लोकांच्या घरचं पाणी पिऊ नका. ते मला वाटेत आठवलं. अशा वेळी माणसाला काय काय आठवतं, याची लाज अजून वाटते.

म्हातारीच्या घरात आधी काही दिसलं नाही. धूर होता, आणि त्या धुरात ऊब होती, जाड, घोंगडीसारखी. मग दिसलं. मधोमध एक अख्खं लाकूड धुमसत होतं. वर माळ्यावर मक्याची कणसं टांगलेली. भिंती कोरड्या, तांबूस, भाजल्यासारख्या. खिडकी नव्हती. डाव्या बाजूला बैल उभे होते आणि तांबडी गाय बसून रवंथ करत होती. म्हातारीने माझ्या बायकोला गायीच्या पाठीला टेकून बसवलं, तिची चोळी सोडायला लावली आणि पोरीला तिच्या कातडीला लावलं. वर घोंगडी. मग मोहाच्या बियांचं तेल चुलीवर कोमट करून ती पोरीचे तळपाय चोळायला लागली. अंगठ्याने, हळूहळू, एकाच दिशेने.

"जगेल का?" मी विचारलं.

"बस खाली," ती म्हणाली. "दारात उभा राहून वारा आत सोडतोस."

मी बैलांच्या पायाशी बसलो. बैलांची जी जागा मी माझ्या घरात वर्षभर रिकामी ठेवली होती, ती अखेर इथे मीच भरली. दुपार झाली.  गाय श्वास सोडी तेव्हा घोंगडी वर-खाली होई. मला दर वेळी वाटे की पोरगीच हलली. मी देवाला मानत नव्हतो. त्या दुपारी मी त्याच्याशी बराच वेळ बोललो आणि त्याला तू म्हणालो.

ऊन दारातून मागे सरकायला लागलं तेव्हा म्हातारीचा अंगठा थांबला. तिने पाय गालाला लावला, मग मला बोलावलं. मी बोट टेकवलं. कोमट होता. थोडासा. इतका थोडा की मी दोनदा बघितलं. मग पोरीने तो पाय आखडून घेतला, जणू माझ्या बोटाचा तिला त्रास झाला.

बायको तेव्हा रडली.

साहेब तिसऱ्या दिवशी आले.

मोठे साहेबही होते. घोडे, तंबू, हार, छत्रीवाला इसम, आणि यावेळी एक फोटोग्राफरही. वाघ मिळाला असावा. सगळे आनंदात होते. मी धावत घराकडे गेलो. साहेब दारावरच्या फळीखाली उभे होते, आणि फळीखालचं घर, आतली ओल बाहेर फुटून, काळं, ओलं, आंधळं होऊन बसलेलं होतं.

"मास्तर, हे काय? खिडक्या कुठे आहेत?"

मी सांगितलं.

"अहो, बाहेरून तरी मोकळ्या करा. माती ओलीच आहे, पाडायला कितीसा वेळ लागणार?" ते मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "आणि पत्नीला आणि बाळाला आणून बसवा खिडकीपाशी. एक तासाचा प्रश्न आहे. फोटो झाला की झालं. मी मोठ्या साहेबांशी तुमच्या बदलीचं बोललोय."

मी गेलो. हे मला लिहायलाच हवं. मी 'नाही' म्हणालो नाही. मी म्हातारीच्या घराकडे चालत गेलो, आणि चालताना मनात वाक्यं जुळवत होतो. ऊन आहे. घोंगडीत गुंडाळून नेऊ. एकच तास. नंतर शहादा, दवाखाना, कायमचं.

दारात पोचलो. बायकोने मान वर केली. पोरगी दूध ओढत होती, थांबून थांबून, प्रत्येक घोटाला दमून. पाऊल घोंगडीबाहेर आलेलं होतं आणि बायकोने ते मुठीत धरलेलं होतं.

"साहेब वना का?" तिने विचारलं.

"हो."

"काय म्हनस?"

पोरीचा दुसरा पाय चोळणारा म्हातारीचा अंगठा थांबला. तीही माझ्याकडे बघत होती. गायसुद्धा बघत होती, असं मला वाटलं.

"काही नाही," मी म्हणालो. "फोटो काढायला आलेत." आणि दार नीट लावून परत फिरलो.

साहेबांना मी म्हणालो, "त्या येणार नाहीत. पोर या घरात जगत नाही, साहेब. खिडक्यांनी आधी अर्धं नेलं, बाकीचं मी उशिरा लिंपून न्यायला निघालो होतो."

साहेबांचा चेहरा पडला. मोठे साहेब मात्र समजूतदार निघाले. ते म्हणाले, हरकत नाही. शिपायांनी एक खिडकी उकरून मोकळी केली. तिच्यापाशी खुर्ची ठेवली, मोठे साहेब स्वतः तिच्यावर बसले आणि हातात माझं आरोग्यशास्त्राचं पुस्तक घेतलं. फोटो निघाला. तो पुढे खात्याच्या अहवालात छापून आला. घर छान दिसत होतं. फोटोत ओल दिसत नाही.

तपासणीच्या वहीत माझ्याबद्दल शेरा आला की घर दमट आहे, मास्तरांनी निगा राखलेली नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मी खाली सही केली. बदली झाली नाही, पण नोकरीही गेली नाही. माझ्या जागी वर यायला दुसरा कुणी तयार नव्हता.

होळीपर्यंत आम्ही म्हातारीच्या घरात राहिलो, पुढे शाळेच्या खोलीत; बायकोने पोरीला त्या घरात नेलं नाही. पोरगी वाढली, पण तिच्या छातीत त्या पौषात जो गारठा बसला तो बसलाच. उन्हाळ्यातही झोपेत तिचा श्वास बारीक वाजे, कुडाच्या फटीतून वारा वाजावा तसा. बायको त्याबद्दल कधी बोलली नाही. आवाज सुरू झाला की ती फक्त उठून पोरीला माझ्या बाजूकडून आपल्या बाजूला घेई.

पुढच्या वर्षी, दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी, मी दाराशेजारची ती पाटी उचलली. वर्षभर दगड होऊन पडलेली माती चार दिवस पाण्यात भिजवली, तेव्हा ती सुटली. कोंडा घातला, शेण घातलं. त्या वेळी पाड्यावर माझ्याआधी कुणीच सुरुवात केली नव्हती. म्हातारी आली, बोटाने चिखल दाबून बघितला, आणखी कोंडा टाक म्हणाली, आणि पदर खोचून माझ्या शेजारी बसली. शिपायांनी न उकरलेल्या खिडकीतला चिखलही पावसात कामट्यांसकट गळून गेला होता. एक खिडकी आम्ही नव्या कामट्यांनी बुजवली. दुसरीसाठी कामट्या कमी पडल्या. मी दारावरची फळी काढली, ती गजांवर आडवी मारली आणि अक्षरांवर पहिला थर दिला.

चूल मधोमध परत आली. खोलगट जागेत म्हातारीच्या मुलाने एक कालवड आणून बांधली. होळीपर्यंत राहू दे, म्हणाला.

आश्विनाचं ऊन होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी भिंतीला पंजा लावला, उचलला, बघितला. कोरडा होता. मी बायकोला हाक मारली. ती आली, तिनेही हात लावून बघितला, मग दुसऱ्या भिंतीला, मग तिसऱ्या. चारही भिंती झाल्यावर ती बाहेर गेली आणि पोरीला कडेवर घेऊन उंबऱ्यापाशी उभी राहिली. बराच वेळ उभी होती. 

मग ती आत आली.